जनामावशीचा डावा गाल

जनामावशी आज सकाळी गेली.

कॅन्सरने नाही.

हे आधीच सांगते, कारण अर्नाळ्यात सगळे तेच बोलतायत. "तोंडाचा होता ना तिला? तोच उलटला असणार." नाही उलटला. हार्ट थकलं होतं, वय झालं होतं. चहा पिऊन जरा आडवी झाली आणि गेली.

मी डेंटिस्ट. डिग्री हातात आल्यावर पहिली नोकरी लागली ती तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका रिसर्च प्रोजेक्टमध्ये. अर्नाळ्यात समाजमंदिराच्या एका खोलीत आमचा कॅम्प असायचा. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं तपासायची.

चट्टा दिसला की त्यावर छोटासा ब्रश घासून पेशी घ्यायच्या. आणि त्याच जागेचा एक बारीक तुकडाही काढायचा.

दोन्हींचे रिपोर्ट वेगवेगळे.

ब्रश तुकड्याइतकं खरं सांगतो का, एवढाच आमचा प्रश्न. सांगत असेल तर पुढे कुणाला इंजेक्शन नको, टाका नको.

मावशी मासे विकून संपल्यावर आली. रिकामी पाटी दाराशी ठेवली, खुर्चीत बसली, तोंड उघडलं. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा. नखाएवढा.

मी तिला ब्रश आणि तुकडा दोन्ही समजावलं. तिने तोंड मिटलं.

"म्हंजे तू माझ्यावर शिकते?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.

"शिकतेय, मावशी. पण काही निघालं तर तुमचा इलाजही होणार."

"आनि मी नाय बोलले तर?"

"तरी तपासणी होईल, इलाज होईल. फक्त रिसर्चमध्ये तुम्ही नसाल."

ती पदर सावरून खुर्चीत नीट बसली.

"घे मंग. पन काय निघंल ते मना सांगायचं. पोराला नाय. मना."

आधी ब्रशचा रिपोर्ट आला. स्वच्छ. मला मनातून आनंद झाला. तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर, ब्रशसाठीही.

मग तुकड्याचा आला.

कॅन्सर. लहान, अगदी सुरुवातीचा. पण कॅन्सरच.

मावशीला निरोप पाठवला तर आधी तिचा मुलगा आला. बोटीवर जाणारा, दणकट माणूस. दारातच उभा राहिला. माझा चेहरा बघूनच त्याने ओळखलं.

"मॅडम, आईला सांगू नका. खचेल ती. अल्सर आहे सांगा, ऑपरेशन करून टाकू."

"तिने मला आधीच सांगून ठेवलंय, दादा. तिलाच सांगायचं."

"तुमची आई असती तर?"

दुसऱ्या दिवशी मी मावशीलाच सांगितलं. मुलगा बाजूला बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता.

मावशी रडली. पदराने डोळे पुसले. मग पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"ब्रश काय बोलला?"

"ब्रश बोलला, काही नाही."

"मंग दोघांत खोटा कोन?"

"मायक्रोस्कोपखाली तुकड्यात स्पष्ट दिसतंय, मावशी. ब्रशला दिसलं नाही."

"का नाय दिसलं?"

तेच मलाही हवं होतं. खराब पेशी खाली असतील, ब्रश वरवरच फिरला असेल. कदाचित. खात्रीने कुणीच सांगू शकत नव्हतं.

"मना दाखव," ती म्हणाली. "माझा गाल ना तो?"

प्रोजेक्ट चालवणाऱ्या आमच्या सरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "आण."

लॅबमध्ये मावशी स्टुलावर बसली. आधी एक डोळा, मग दुसरा. मुलगा मागे उभा.

सर म्हणाले, "डावीकडे बघा, ते चांगलं आहे. उजवीकडे खराब."

"हां. इथं बांबूवर बोंबील वाळत घातल्यासारखं. सगळं रांगेत." स्लाइड सरकली. "आनि इथं कोनी पाटी उलटी केली."

मग मुलाकडे वळली. "ये, तू पन बघ."

त्याने बघितलं. लॅबमधून बाहेर पडताना त्यानेच विचारलं, "ऑपरेशन कधी करायचं?"

ऑपरेशन मुंबईत झालं. गालाचा तो भाग काढला. नंतर तोंड नीट उघडेना. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, रोज थोड्या वाढवायच्या. फार दुखायचं. शिव्या घालत करायची.

मग परत बाजारात बसली. बोलणं थोडं जड झालं, भाव करताना अजिबात नाही.

आमच्या कॅम्पला स्वतःहून यायची. घाबरलेल्या बाईसमोर आ करून गाल दाखवायची. "बघ. गेला ना? मंग तोंड उघड."

मशेरी सुटली का? सुटली. पण वर्षभर माझ्यावर चिडून होती त्यासाठी.

प्रोजेक्ट संपला तेव्हा कळलं, ब्रशने मावशीसारखे आणखीही काही जण सोडले होते. आम्ही तसंच लिहिलं. नुसत्या ब्रशवर विसंबता येणार नाही, तुकडा काढावाच लागेल. मी हिरमुसले होते. तिला जाऊन सांगितलं.

"माझं पन लिवलं त्यात?"

"नाव नाही. पण तुम्ही आहात त्यात."

"ब्रश चुकला ते लिवलं ना? बास."

आज त्यांच्या घरी गेले. अंगणात गर्दी होती. मुलगा भेटला. आता त्याचेही केस पांढरे झालेत.

तिला नेल्यानंतर, सगळं आटोपून तो परत आला आणि माझ्याशेजारी बसला. हळूच म्हणाला,

"मॅडम, मला पण गालाला आतून कायतरी लागतंय. उजवीकडे. आईला नव्हतं सांगितलं."

उद्या सकाळी येतोय तो.

मावशी, मी बघते. जे असेल ते त्यालाच सांगेन.

तुम्ही आता आराम करा. मनापासून श्रद्धांजली.