डाव्या पानातून न आलेलं उजवं पान

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि मी तलासरीच्या बाजारात ती वाटायचे. छापायच्या आदल्या दिवशी वडील मला डहाणूच्या छापखान्यात घेऊन जात. तिथे प्रूफ नुसतं डोळ्यांनी तपासत नसत. वडील हातात आपला मूळ कागद धरून स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचे आणि छापखान्याचे मालक प्रुफावर बोट फिरवत जायचे. मालक ‘थांबा’ म्हणाले की वडिलांचा चेहरा उतरायचा. बहुतेक वेळा चूक त्यांच्याच कागदावर असायची.

हे सगळं ठाऊक असूनही मी जे केलं, त्याची मला अजून शिसारी येते.

तलासरीतल्या एका संस्थेत मी शिकवायला लागले. गणिताच्या प्रश्नपत्रिका संगणकावर जुळवण्याचा अभ्यासक्रम होता. यात अपूर्णांक माउसने ओढून काढायचा नसतो. साध्या अक्षरांत आज्ञा लिहायची: तिरपी रेघ, अपूर्णांकाचा शब्द, महिरपी कंसात वरचा आकडा, दुसऱ्या महिरपी कंसात खालचा. संगणक ते वाचतो आणि छापील पुस्तकासारखं पान काढून देतो. शिकणाऱ्याला दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या, तर भीती लगेच जाते. म्हणून मी सरावाचं पुस्तक तसंच लिहिलं. डाव्या पानावर काय लिहायचं ते, उजव्या पानावर त्यातून काय येतं ते. उजवीकडची एक रेघसुद्धा मी वेगळी काढली नव्हती. डावीकडचाच मजकूर संगणकाला दिला आणि जे निघालं ते शेजारी ठेवलं. त्या पुस्तकाचा सगळा प्रामाणिकपणा एवढाच होता आणि तेवढा पुरेसा होता.

पुढे मी प्रस्तावना लिहिली. ज्ञानावर झाकण घालणाऱ्यांविरुद्ध, निकाल दाखवून कृती लपवणाऱ्यांविरुद्ध, अशी दोन पानं. संस्थेच्या संचालकांनी छपाईचं काम मुंबईतल्या कुणाकडे तरी दिलं होतं. तिथून प्रूफ आलं तेव्हा मी प्रस्तावना तीन वेळा वाचली. एक विशेषण बदललं. बाकीची पानं भराभर उलटली, छान दिसत होती, आणि सही करून टाकली.

त्या पावसाळ्यात वर्गात किनाऱ्यावरच्या झाईहून एक बाई यायच्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्या मला मॅडम. घरची होडी, घरचाच मासळी सुकवायचा मांडव. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढलेल्या असतात, तेवढेच दिवस सासूने त्यांना दिले होते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की परत मांडवावर. मिठाने त्यांच्या बोटांची टोकं फाटून कडक झाली होती. पहिल्या दिवशी कीबोर्डवर हात ठेवत त्या म्हणाल्या, “याला वास लागला तर मला बोलू नका हां, मॅडम.”

संस्थेत प्रश्नपत्रिका जुळवण्याच्या टेबलावर एक जागा भरायची होती. आमच्या भागात गुजराती माध्यमाच्याही शाळा आहेत आणि ताईंना मराठी, गुजराती दोन्ही टाइप करता यायचं. संचालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “तुम्ही फक्त परीक्षा पास व्हा, खुर्ची तुमची.” ताई पास झाल्या तर खुर्ची, नाही तर मांडव. सासूबाईंनीही तसंच ठरवून टाकलं होतं.

एका संगणकावर दोघी बसत. एकीने पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसरीने टाइप करायचं, ही पद्धत मी छापखान्यातून उचलली होती. ताईंची जोडीदार डोंगराकडच्या गावातली, नागली पिकवणाऱ्या घरातली, विशीची मुलगी होती. तिचा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या खोलीतसुद्धा “महिरपी कंस उघडा!” ऐकू यायचं.

पान एकोणतीसवर दोघी अडकल्या. एकाखाली एक तीन समीकरणं. पुस्तकात उजवीकडे तिन्ही बरोबरची चिन्हं एका सरळ रेषेत, ओळंबा लावल्यासारखी. ताईंच्या पडद्यावर प्रत्येक ओळ आपापली मधोमध बसलेली आणि चिन्हं तीन वेगवेगळ्या जागी.

“काहीतरी सुटलंय, ताई,” मी म्हणाले. “पुस्तक नीट बघा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “शांतपणे बघा,” मी म्हणाले. तिसऱ्या दिवशी बघितलं तर ताई स्पेसबार दाबत बसल्या होत्या. ठक, ठक, ठक. चिन्ह उजवीकडे ढकलायचा प्रयत्न. गणिताच्या मजकुरात संगणक मोकळ्या जागा मोजतच नाही, कितीही सोडा. त्यांनी वहीत तक्ता केला होता: चार जागा सोडल्या, काही नाही. नऊ सोडल्या, काही नाही. वीस सोडल्या, काही नाही. तीन दिवस ही बाई बसचे धक्के खात आली आणि मी तिला तीन वेळा त्याच पानाकडे परत पाठवलं. माझ्या पुस्तकात चूक असेल असा विचार मला शिवलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी ताईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

“आज तुम्ही वाचा, मॅडम. मी टाइप करते.”

“अहो, मी कशाला?”

“तुमचंच पुस्तक ना? का फक्त प्रस्तावनेची दोन पानं तुमची?”

वर्ग हसला. मी वाचायला लागले. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि माझी जीभ अडखळली. प्रत्येक बरोबरच्या चिन्हाआधी मी एक खूण टाकली होती. ‘इथे सगळ्या ओळी जुळव’ असं संगणकाला सांगणारी एकच खूण. पानावर ती नव्हती. तिन्ही ओळींतून गेली होती. खूण नसताना उजवीकडचं पान तसं येऊच शकत नव्हतं. ते कुणीतरी हाताने काढलं होतं.

“थांबलात का?” ताईंनी विचारलं. “आमची चूक सापडली?”

“तुमची नाही,” मी म्हणाले. तेवढं बोलायलाही मला जड गेलं.

मी ती खूण कुठे टाकायची ते दाखवलं. ताईंनी तीन ठिकाणी टाकली आणि चिन्हं सरळ रेषेत आली. मला वाटलं त्या खूष होतील. त्यांनी वहीतलं स्पेसबारच्या तक्त्याचं पान फाडलं, चुरगाळलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

मी तशीच संचालकांच्या खोलीत गेले. त्यांनी पान पाहिलं आणि मान डोलावली.

“त्या खुणा मीच गाळायला लावल्या. डावी बाजू फार भीतीदायक दिसत होती. मुलं घाबरतात.”

“आणि उजवी?”

“उजवी छान दिसायला हवी. छपाईवाल्याने हाताने नीट करून दिली. पुस्तक बघून लोक प्रवेश घेतात, मॅडम.”

“सर, डावीकडचं लिहिलं की उजवीकडचं येत नाही. हे खोटं आहे.”

“उदाहरण आहे हो ते. आजवर कुणाची तक्रार आली का?”

नव्हती आली, आणि का ते मला त्याच दुपारी कळलं. सकाळच्या तुकडीला शिकवणारे गृहस्थ चहा पिता पिता अगदी मोकळेपणाने म्हणाले, “फोटो काढायचा उजव्या पानाचा, कापायचा, चिकटवायचा. डावीकडचं जसंच्या तसं टाइप करायचं, म्हणजे तेही जुळतं. परीक्षक कागद बघतो, फाइल उघडत नाही. माझी सगळी पोरं पास होतात.”

मारपीट, लाच, धमकी यांविरुद्धची पत्रकं मी वाटली आहेत. पण शिकायला आलेल्या माणसाला शिकण्याचं चित्र चिकटवायला शिकवायचं आणि वरून प्रमाणपत्र द्यायचं, याची किळस निराळी आहे. यात कुणी ओरडत नाही. सगळे चहा पितात.

परीक्षेचा नियम असा होता की डावा मजकूर पुस्तकाशी अक्षरशः जुळला पाहिजे आणि निघालेलं पान उजव्या पानाशी. पान एकोणतीसवर खरं काम करून दोन्ही जुळणं अशक्य होतं, आणि प्रश्न त्याच पानावरून यायचा. मी वर्गाला सगळं सांगितलं. फोटोची युक्ती आधीच सगळ्यांपर्यंत पोचलेली होती.

“चिकटवू नका,” मी म्हणाले. “एकदा सगळ्यांनी खरं लिहिलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.”

डोंगराकडची मुलगी खाली बघत राहिली. ताई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही पत्रक काढाल. आम्हाला पास व्हायचंय.”

परीक्षेत त्या मुलीने फोटो चिकटवला. तिच्यावर मी रागावले नाही. रागावण्याचा हक्क मी प्रुफावर सही करताना गमावला होता. ताईंनी मात्र खुणा टाकून लिहिलं आणि खरं पान काढलं. का, असं मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तीन दिवस घालवलेत त्यावर. आता फोटो चिकटवू?”

निकाल लागला. ज्यांनी चिकटवलं ते पास. ताई दोन गुणांनी नापास, कारण डावा मजकूर पुस्तकाशी जुळत नव्हता. तीन ठिकाणी जादा चिन्ह, असा शेरा.

मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. एका बाजूला पुस्तकातला डावा मजकूर, शेजारी त्यातून खरंच निघणारं वेडंवाकडं पान, खाली चार ओळी. प्रती काढल्या, संस्थेच्या फाटकाशी उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दिल्या. ताई बसमधून उतरल्या, एक प्रत घेतली, उभ्या उभ्या वाचली.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “उरलेली घरी पाठवून द्या. सुकट बांधायला कागद लागतोच.”

“ताई, हे तुमच्यासाठी चाललंय.”

“माझ्यासाठी? पौर्णिमेला आठ दिवस राहिलेत. या कागदाने खुर्ची मिळते का मला?”

फाटकाशी उभं राहून मला जे बरं वाटत होतं ते माझ्यासाठीच होतं.

पत्रकामुळे एवढं झालं की संचालकांनी बोलावलं. ते चिडले नव्हते, ते त्यांचं काम करत होते. त्यांनी एक टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. पान एकोणतीसवरचा मजकूर लेखिकेकडूनच अपुरा आला होता, छपाईचा किंवा संस्थेचा त्यात दोष नाही, आणि त्या प्रश्नाचे गुण सर्वांना फेरतपासून द्यावेत, असं त्यात माझ्या नावाने लिहिलं होतं.

“सही केलीत तर तुमच्या त्या बाई उद्या पास. नाही केलीत तर नियम नियम आहे.”

“पण मजकूर मी पूर्ण दिला होता. तुम्ही कापलात.”

“प्रुफावर सही कुणाची आहे?”

मी एक दिवस मागून घेतला. त्या दिवसाचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “खोट्यावर सही करू नकोस.” आईने फोन घेतला आणि विचारलं, “ती बाई काय म्हणते?” मी ताईंना विचारलंच नव्हतं. माझं तत्त्व आणि त्यांची नोकरी मी घरी बसून एकटीच तोलत होते. फोन लावला तर त्या म्हणाल्या, “करा सही. तुमचं काय जातं? नावच ना? सासू विचारतेय, मांडवाचे बांबू कधी बांधायला येतेस.”

मी सही केली. पत्र सूचनाफलकावर लागलं. सकाळच्या तुकडीचे गृहस्थ ते वाचून मला म्हणाले, “होतं असं, मॅडम. घाईत चुका होतात.” मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्या हललेल्या मानेची मला आठवण येते तेव्हा अजून अंगावर काटा येतो. महिनाअखेरीला मी ती नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नव्हतं. त्या इमारतीचा जिना चढवेना.

ताई टेबलावर रुजू झाल्या. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. मागून पंख्याचा आवाज येत होता, आणि त्या हळू बोलत होत्या.

“मॅडम, तुमचं पुस्तक परत छापायचंय. मला दिलंय जुळवायला. सर म्हणतात, डावं-उजवं आहे तसंच ठेव, उजव्या बाजूची चित्रं तयारच आहेत.”

“मग?”

“मग काय? मी सगळं पुस्तक टाइप करून बघितलं. एकोणतीस एकटं नाही. अजून सहा पानं तशीच आहेत.”

सहा पानं. त्यांवर माझी सही होती आणि मी ती कधी वाचलीच नव्हती. नकार द्या, असं त्यांना सांगणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खुर्ची त्यांची होती. सासूने मांडव दुसऱ्या बाईकडून बांधून घेतला होता.

“ताई, डावीकडे जिथे खुणा हव्यात तिथे घाला,” मी म्हणाले. “उजवी पानं त्यातूनच निघू द्या. कुणी विचारलं, तर सांगा की मूळ मजकूर लेखिकेनेच अपुरा दिला होता, तो आता पूर्ण करून घेतला. पत्र आहे ना संस्थेकडे, माझ्या सहीचं.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“म्हणजे खरं छापायला परत खोटंच बोलायचं.”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग वाचा. पहिल्या पानापासून. मी टाइप करते.”

माझ्याकडे पुस्तकाची एकच प्रत उरली होती. मी ती काढली, प्रस्तावनेची दोन पानं उलटली आणि वाचायला लागले.