दोन्हीकडून विंधलेला मणी

मास्तरांनी मला फसवलं. अठरा वर्षं इथे आखातात, देऱ्याच्या बाजारातल्या माझ्या दुकानात मणी विंधले, आणि एके दिवशी ‘शेठ, पंधरा दिवसांत येतो’ असं तोंडावर सांगून सांगलीला गेले ते गेलेच. त्यानंतर दोन रमझान होऊन गेले.

मी फसणारा माणूस नाही. इचलकरंजीहून एका बॅगेनिशी आलो आणि समोरच्याचा चेहरा वाचून इथे उभा राहिलो. फक्त या एका माणसाचा चेहरा मी कधी नीट वाचला नाही. तो सदा भिंगाआड असायचा.

माझा धंदा तृणमण्यांच्या जपमाळांचा. अरब त्याला कहरमान म्हणतात. युरोपच्या उत्तरेला थंड समुद्राकाठी सापडणारा हा झाडाचा दगड झालेला चीक. मास्तर सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवायचे. तुकडी तुटली, नोकरी गेली, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी आखातात आले. बाकीचे कारागीर मणी एका बाजूने आरपार विंधतात आणि पलीकडच्या टोकाला कपचा उडतो. मास्तर अर्धं भोक एका बाजूने पाडत, मणी फिरवत, उरलेलं दुसऱ्या बाजूने. ‘मधोमध गाठ पडली पाहिजे शेठ,’ म्हणत. ‘नाहीतर तो मणी नाही, दोन खड्डे.’

गिऱ्हाईक भाव पाडायला यायचं आणि मास्तर त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवायला बसायचे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी हाच चीक उत्तरेकडून दक्षिणेला ग्रीसच्या राजांच्या थडग्यांत पोचला होता. नुसता माल नव्हे. माळेचे पदर वेगळे ठेवणाऱ्या चपट्या पट्ट्या, त्यांत आडवीतिडवी भोकं, इंग्लंड-जर्मनीकडच्या थडग्यांत जशी, तशीच तिथे. ‘मणी हातोहात कुठेही जातो,’ मास्तर म्हणायचे. ‘भोक पाडायची रीत तशी जात नाही. ती कुणाच्या तरी शेजारी बसून बघावी लागते. म्हणजे उत्तरेचा कुणीतरी दक्षिणेच्या कुणाच्या तरी शेजारी बसला होता!’

‘त्या राजांनी भाव काय दिला, ते सांगा मास्तर.’

‘ते थडग्यात ठेवत नाहीत, शेठ.’

त्यांना तो उत्तरेचा किनारा एकदा बघायचा होता. खरेदीला मी दरवर्षी तिकडे जायचो. दरवर्षी ते एकदाच विचारत, ‘या खेपेला माझा पासपोर्ट व्हिसाला द्यायचा का?’ मी म्हणायचो, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ मनापासून म्हणायचो, पण दुकान कोण बघणार? एकदा ते म्हणाले, ‘बरं, मग चिमूटभर वाळू तरी आणा.’ मी विसरलो. विमानतळावरून घरी येताना आठवलं, तेव्हा टॅक्सी इथल्याच जुमैराच्या किनाऱ्याकडे वळवली आणि तिथली वाळू बाटलीत भरली. मास्तरांनी ती हातावर घेतली, भिंग लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, ‘छान आहे हो.’ आपण सुटलो, असं मला वाटलं.

मग तो दिवस. अबू सालेम नावाचं जुनं गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि त्याच्या बापाच्या माळेतला मणी मास्तरांच्या हातात तडकला. माझं डोकं फिरलं. ‘दिसत नाही का तुम्हाला?’ मी ओरडलो. ‘चष्मा कशाला लावता मग, शोभेला?’

मास्तर दोन्ही तुकडे गोळा करत हळूच म्हणाले, ‘दिसतं की, शेठ.’

दोन महिन्यांनी त्यांनी रजा मागितली.

आता मशीन आणलंय. भोक सरळ पाडतं, बोलत काही नाही. बायको मुलांकडे कॅनडात असते. दुपारी डबा उघडतो तेव्हा समोरची मास्तरांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. अबू सालेम दर वेळी विचारतो, ‘हबीबी, मास्टर किधर?’

‘छुट्टी गया.’

‘कब आएगा?’

‘इन्शाल्ला,’ मी म्हणतो.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या टेबलाचा खण साफ केला. तळाशी एक डबा होता आणि डब्यात वीस-पंचवीस मणी. उजेडात धरून बघितले. एकाही मण्यातली दोन भोकं एकमेकांना भेटली नव्हती. एक वर चढलेलं, एक खाली उतरलेलं. माणूस आंधळा होत चालला होता आणि चुकलेले मणी माझ्यापासून लपवत होता. शेजारीच ती वाळूची बाटली. तिच्यावर त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात चिठ्ठी: ‘जुमैरा. शेठनी आठवणीने आणली.’

सांगलीला दोनदा फोन केला. मुलगी म्हणाली, ‘काका, बाबा फोनवर येत नाहीत. दिसत नाही ना आता काही.’ फोनवर बोलायला डोळे लागतात का?

परवाच्या खेपेला खरी वाळू आणली आहे. बाटली तुमच्या टेबलावर आहे, मास्तर. जुमैराचं मी कबूल करतो. विसरलो होतो, आणि विसरलो म्हणायची लाज वाटली. माझ्या बाजूचं झालं. आता तुमच्या बाजूने बोला. अठरा वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसलात, तरी ‘दिसत नाही’ हे दोन शब्द मला का सांगितले नाहीत? मी ओरडलो असतो, म्हणून? ओरडलोच असतो. मग हात धरून डॉक्टरकडे नेलं असतं. पंधरा दिवस कधीच संपले. मुलीला सांगा, फोन कानाला लावून दे. मला उत्तर पाहिजे.