खंडेनवमीच्या बारा बरण्या

पडदा वर जातो आणि आधी दिसते ती खिडकी. अंधेरीच्या एका कॉलेजातली, पूर्वेकडची. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. फळीवर काचेच्या बारा बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत हिरवं पाणी, आणि सकाळचं ऊन त्यांतून झिरपून फरशीवर सांडलेलं. मग उजवीकडून येतो धोंडू, प्रयोगशाळेचा शिपाई. अनवाणी पाय, खांद्यावर काचेचा बुधला, त्यात वेसाव्याच्या खाडीचं खारं पाणी.

दर सोमवारचा हा प्रवेश सात वर्षं चुकला नव्हता.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शरच्चंद्र सरांना पाहायचं होतं, गोड्या तळ्यातलं शेवाळ खाऱ्या पाण्यात जगायला शिकतं का. एकदम टाकलं तेव्हा ते दोन दिवसांत पांढरं पडलं. म्हणून मग थेंबाथेंबाने. पहिल्या बरणीत निव्वळ गोडं पाणी, बाराव्या बरणीत निम्मी खाडी. मीठ वाढलं की बहुतेक सगळं मरायचं. पण तळाशी एखादा हिरवा ठिपका तग धरायचा, आणि त्या एकट्यापासून बरणी पुन्हा भरायची. रंग जरा उतरला की धोंडू हात आखडता घ्यायचा. आजारी लेकराला पेज भरवावी तसं त्याचं ते चालायचं.

शेवाळ त्याच्याच गावचं होतं, मालवणाकडचं. सात वर्षांपूर्वी त्याच्या सहा वर्षांच्या लेकीने, जानकीने, तळ्यात गुडघाभर उतरून ओंजळीने बाटली भरली होती. त्याच पावसाळ्यात पोर तापाने गेली. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, तिचा परकर ट्रंकेच्या तळाशी घातला, आणि त्या घरात ते नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

एकदा सर सहज म्हणाले, या शेवाळात नर नाही, मादी नाही, बी नाही. एक पेशी फुगते आणि फुटून तिच्या दोन होतात, चार होतात.

“मग आई खंय जाता?” धोंडूने विचारलं.

“कुठेच नाही. तीच त्या सगळ्या होते.”

त्या दिवसापासून धोंडू बरण्यांशी हलक्या आवाजात बोलू लागला. जानकीच्या ओंजळीत आलेलं तेच अजून जिवंत होतं, खारं पाणी पचवून जगत होतं. रुक्मिणीला हे सांगावं असं हजारदा ओठांवर आलं. पण नाव घेताच तिचा चेहरा कसा होईल, हे त्याला ठाऊक होतं. राहून गेलं.

त्या वर्षी खंडेनवमीला धोंडू हिवतापाने खोलीत कुडकुडत पडला. कॉलेजला सुट्टी, सर गावाला. दरवर्षी या दिवशी तोच प्रयोगशाळेतली हत्यारं धुऊन पुसून त्यांची पूजा करी. नवऱ्याची सेवा चुकू नये म्हणून रुक्मिणीने किल्ली मागितली, आणि तापाच्या ग्लानीत त्याने दिली. ती कधीच तिथे गेली नव्हती. तिला काय दिसलं? सूक्ष्मदर्शकं, चिमटे, आणि शेवाळ धरलेल्या बारा घाण बरण्या. राख, चिंच आणि काथ्या घेऊन तिने दुपारभर त्या घासल्या. उपड्या घालून वाळवल्या, मग सुलट्या करून प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत धोंडू आला. फळीवर बारा बरण्या उन्हात लखलखत होत्या. त्याने मोरीतला काथ्या उचलून उलगडला, एकेक दोरा बोटांनी चाचपला. राख तेवढी हाताला लागली. सर आले तेव्हा त्याने सांगितलं, तापात भ्रम झाला, मीच धुतल्या. सरांनी एक बरणी उचलून उजेडाला धरली. मग म्हणाले, दुसरं शेवाळ आणू, धोंडू, पुन्हा सुरू करू. धोंडूने मान हलवली. दुसरं मिळणारच होतं, तळी का कमी होती.

संध्याकाळी रुक्मिणी भाकऱ्या थापत होती. चिंचेने तिची बोटं अजून सोललेली होती. सर काय म्हणाले, तिने मान वर न करता विचारलं.

धोंडूने ट्रंकेकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे.

“बरा केलंस गो. एवढ्यो स्वच्छ बरण्यो सरांनी कधी बघूक नव्हत्यो.”