शिंगाळ्याचा काटा

अर्धांगवायूनंतर आई माझ्या हातून जेवेना. तिच्या हातून मात्र जेवे. ती म्हणजे सीवूड्सच्या आमच्या घरी आईला सांभाळायला येणारी बाई. वाफाळत्या भातात बोटे फिरवून ती माशाचे केसासारखे काटे वेचून काढी, आणि घास पुढे होताच आईचे ओठ आपसूक उघडत. त्या बोटांना मोहरीच्या तेलाचा वास येई. आता तो आईच्या हनुवटीलाही येऊ लागला होता.

ती सीमेपलीकडून आलेली, तिच्यापाशी एकही कागद नाही, हे तिने सांगितले तेही मला नाही, आईला. त्या गुपितापेक्षा ते आईपाशी ठेवल्याचे मला अधिक लागले.

एका मंगळवारी मी शिंगाळा आणला. त्याच्या पाठीवरचा विषारी काटा कोळणीकडूनच तोडून घ्यायचा असतो. घाईत मी विसरले. घरी ती मासा साफ करत असताना तो तिच्या अंगठ्यात रुतला. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजून जांभळा झाला.

"दीदी, पालिकेच्या दवाखान्यात संगे चला ना. एकटी गेली तर आधार मागतील. मग पोलीस."

"उद्या-परवा बघू. तोवर तू तुझ्या घरीच थांब."

मला ते दोन दिवस हवे होते, आईला भरवायला. आईने दोन घास घेतले, तिसरा जिभेने बाहेर ढकलला. "काटा आहे," म्हणाली. मी भात तीनदा चिवडून पाहिला. काटा सापडला नाही.

शुक्रवारी ती तापाने फणफणत दारात आली, तेव्हा कुठे आम्ही रिक्षा केली. दवाखान्याच्या खिडकीमागच्या बाईने मान वर न करता विचारले, "नाव? वय? काय होतंय?" आणि केसपेपर सरकवला. शहराने आपल्यात राहणाऱ्या माणसाला आधी एवढेच विचारावे, असे फिनेलच्या त्या उग्र वासात मला वाटले. कोण कुठून आले, याची चौकशी दुसऱ्या एखाद्या खिडकीवर होवो. जखमेच्या वाटेत त्या चौकशीने बसू नये. दोन दिवस त्या वाटेत मीच बसले होते.

नख काढावे लागले. डॉक्टर करवादले, "इतके दिवस काय करत होता?"

"दीदीला काम होतं," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

घरी आईने तिचा बांधलेला अंगठा आपल्या धड हातात घेतला आणि त्यावर फुंकर घातली. लहानपणी माझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालायची तशीच.

"तू का गं थांबलीस?" आईने मला विचारले.

"दोन दिवस दवाखान्याचं टोकनच मिळालं नाही," मी म्हणाले.