फेट्याला चार बोटं जागा

आमच्या दादांचा फेटा लाल होता. दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात. शिरड शहापूरजवळच्या गावात ते मेंढरं राखायचे, थोडी कोरडवाहू जमीन करायचे. उंचीनं एवढे की बाजाराच्या गर्दीत त्यांना हुडकावं लागत नसे, लाल फेटा दिसला की तिकडं चालू लागायचं. हा फेटा जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून यायचा आणि त्याचा रंग जन्मात कधी पक्का निघाला नाही. उन्हाळ्यात घाम आला की कपाळावर लाल रेघ उमटायची. माय तो वेगळ्या बादलीत धुवायची आणि धुताना दर वेळी त्या दुकानदाराचा उद्धार करायची. दादांना त्याचं काही नव्हतं. मेंढरांच्या पाठीवर खुणेसाठी जो लाल ठिपका लावायचे, त्याच रंगाचा फेटा त्यांना लागायचा.

फेटा डोक्यावरून उतरायचा तो फक्त झोपताना. एरवी चारचौघांत उतरला तर घरात कुणी गेलं, असाच आमच्याकडं अर्थ. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझ्या डोक्यात गाडीचं खूळ कशानं शिरलं ते कळेल.

मावशीचे मालक, म्हणजे दादांचे साडू, जवळा बाजारला गुत्तेदारी करायचे, म्हणजे कंत्राटं घ्यायचे. रस्ते, पूल, शाळेच्या खोल्या, जे मिळेल ते. नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्यांनी पांढरी छोटी गाडी घेतली, तेव्हा जिकडंतिकडं दिसायची ती, बसकी. एका लग्नातून परतताना त्यांनी कौतुकानं दादांना म्हटलं, चला, सोडतो गावापर्यंत. दादा वाकले, आणखी वाकले, आणि आत शिरता शिरता दाराच्या वरच्या कडेला अडकून फेटा खाली फुफाट्यात पडला. मांडवापुढं सगळे सोयरे उभे. पडला तर पडला, कुणी उचलून दिला असता. पण साडू खो खो हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाव्हणं, तो फेटा डिक्कीत टाका अन् मग बसा."

दादांनी फेटा उचलला, झटकला, तिथंच उभं राहून सगळ्यांदेखत पहिल्यापासून बांधला आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागले. मी त्यांच्यामागं पळालो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती; ते मात्र वाटभर मेंढरांच्या लोकरीचंच बोलत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी कारमध्ये बसायचं सोडलं. एसटी चालेल, काळी-पिवळी जीप चालेल, नाहीतर पाय आहेतच. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, मला न्हाई जमत बाबा ते. पुढं गुडघे धरले, तरी एसटीच्या पायऱ्या दोन्ही हातांनी दांडा धरून चढायचे.

मी तोवर हिंगोलीत हायस्कूलला मास्तर झालो होतो. हिंगोली जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली तेव्हा बाकीचे प्लॉट बघत फिरत होते आणि मी एकच गोष्ट ठरवली: अशी गाडी घ्यायची की जिच्यात माझा बाप फेट्यासकट ताठ बसेल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग ट्रकच घ्या.

त्याच सुमाराला नांदेडच्या रस्त्यावर ती कोरियन कंपनीची छोटी गाडी दिसू लागली होती. अंगानं लहान आणि छप्पर उंच. आता सवय झाली, पण तेव्हा लोक तिला काय काय म्हणायचे! आमच्या स्टाफरूममध्ये तिचं नाव पडलं होतं पत्र्याची पेटी. गणिताचे सर म्हणाले, हिला बघून वाटतं कुणीतरी हिची मान वर ओढली. दुसऱ्यानं ठासून सांगितलं की बाहेरदेशची कंपनी आहे, चार वर्षांत गाशा गुंडाळून जाईल आणि तुम्ही बसा मग स्पेअर पार्ट हुडकत. त्याच देशातल्या दुसऱ्या कंपनीचे हाल पेपरात येत होते, त्यामुळं हे बोलणं सगळ्यांना पटायचं. मला एकाचंही ऐकायचं नव्हतं. मला तिचं ते उंच छप्परच आवडलं होतं.

नांदेडच्या शोरूमला गेलो तेव्हा पिशवीत दादांचा जुना फेटा घेऊन गेलो. हसू नका. तिथल्या चकाचक फरशीवर, आरशात बघत बघत मी तो डोक्याला बांधला आणि गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसलो. सेल्समन बिचारा नांदेड शहरातला, त्याला वाटलं माझं लग्न ठरलंय. मी त्याला बाहेरून बघायला लावलं, वर किती जागा राहते म्हणून. त्यानं काचेतून हात घातला आणि छत नि फेट्याच्या मधे बोटं आडवी धरून दाखवली. चार बोटं बराबर. मी तिथंच गाडी पक्की केली. रंग कोणता, एसी पाहिजे का, हे सगळं त्यानंतर.

गाडी गावात आणली त्या दिवशी पारापाशी हीऽऽ माणसं. कुणी काचेला नाक लावून बघतंय, कुणी टायरला लाथ मारून बघतंय. पाटीवर परभणीचाच नंबर होता, त्यावरूनही वाद झाला. दादा मेंढरांच्या शेडजवळ उभे होते, हात मागं बांधून. मी जवळ जाऊन शोरूममध्ये फेटा बांधून कसा बसलो ते सगळं सांगितलं आणि म्हणालो, दादा, चार बोटं जागा राहते, मी स्वतः बघितली. त्यांनी काखेतली काठी मायच्या हातात दिली आणि आले. दार उघडून ते वाकले. फेटा हलला नाही. बसले, पाय आत घेतले, दार लावलं. माय मागच्या सीटवर बसली. मी गाडी हळूच चालू केली आणि विचारलं, "दादा, लागतंय का?"

"न्हाई," ते समोर बघत म्हणाले. "चार बोटं जागा हाय."

खरं सांगतो, माझी नोकरी लागली तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, रस्ता दिसेना, आणि एक शेळी थोडक्यात वाचली.

मग काय, मी सुटलोच. जिथं जाईन तिथं हीच कहाणी. माझे वडील सहा फुटी माणूस, वर हा एवढा फेटा, तरी चार बोटं जागा! लग्नसराईत लोक नवरदेवासाठी माझी गाडी मागायला यायचे, कारण फेटा आणि बाशिंग बांधलेला नवरदेव इतर गाड्यांत तिरपा होऊन बसायचा. गाडीचंही नाव हळूहळू सुधारत गेलं. आधी हिंगोलीत असल्या गाड्या मोजक्याच, त्यामुळं समोरून कुणी आला की ओळख असो नसो, हॉर्न वाजवायचा. एक दवाखान्याचे डॉक्टर होते, ते तर थांबून विचारायचे, ॲव्हरेज किती देते तुमची? तकलीफ एकच. आमचा मिस्त्री बॉनेट उघडून दोन पावलं मागं सरायचा. म्हणायचा, सर, हिच्यात कॉम्प्युटर हाय, मी हात लावत न्हाई. एकदा उंदरानं वायर कुरतडली तर पार्ट नांदेडहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवावा लागला आणि तोवर गाडी तशीच उभी. स्टाफरूममध्ये तो आठवडा सणासारखा साजरा झाला. पण एवढं एक सोडलं तर तिनं मला कधी रस्त्यात उभं केलं नाही. पेटी म्हणणाऱ्या गणिताच्या सरांनी पुढं तीच घेतली, आणि तीही माझ्याकडून चांगले दोन तास माहिती काढून.

दादांच्या बसण्याच्या काही सवयी होत्या. पाठ टेकायचे नाहीत, पुढं सरकून, मान जराशी खाली घालून, दारावरची मूठ घट्ट धरून बसायचे. मी म्हणायचो, दादा, आरामात बसा की, मेंढरं पळून राहिली का? म्हणायचे, मला पुढचं बघायला आवडतं. आणि सारखं, सावकाश रे, सावकाश. औंढ्याच्या रस्त्याला खड्डे तर तेव्हा असे की रस्ता हुडकावा लागायचा. खड्डा आला की ते मूठ आणखी आवळायचे. आम्ही सगळे त्यांची टर उडवायचो, जंगलात लांडग्याला न भिणारा माणूस गाडीला भितो म्हणून. तेही हसायचे. उतरले की आधी फेटा सोडून पुन्हा बांधायचे, मग घरात पाऊल. मला वाटायचं, काय ऐट म्हाताऱ्याची.

साडूंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला आम्ही याच गाडीतून जवळा बाजारला गेलो. मी मुद्दाम मांडवाच्या तोंडापर्यंत गाडी नेली, हॉर्न वाजवला आणि पळत जाऊन दादांचं दार उघडलं. दादा उतरले. फेटा जागच्या जागी. साडू सामोरे आले, गाडीकडं बघितलं, फेट्याकडं बघितलं. त्यांना ते जुनं आठवलं असावं, कारण ते दादांच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, पाव्हणं, लई बरं केलंत आलात. दादांनी त्यांना उठवून पोटाशी धरलं. पंगतीत साडूंनी विचारलंच, आत खरंच लागत न्हाई का फेट्याला? दादांनी घास थांबवून मोठ्यानं सांगितलं, चार बोटं जागा राहती, पोरानं मोजून आणलीय गाडी. सगळ्या पंगतीनं ऐकलं. पुढच्या वर्षी साडूंनी ती बसकी विकली आणि हीच गाडी घेतली. मी तर महिनाभर जमिनीवर नव्हतो.

दादा गेले ते झोपेतच. माय आमच्याकडं हिंगोलीला राहायला आली. गाडी आणखी काही वर्षं चालवली. मग पोरं मोठी झाली, गाडी लहान पडू लागली, रंग उडाला, आणि घरात नव्या गाडीचं बोलणं निघालं. शाळेतल्याच एका तरुण मास्तराला ती पाहिजे होती. रविवारी सकाळी तो बघायला आला. इंजिन ऐकलं, डिक्की उघडली, टायर बघितले. मग पुढच्या डाव्या सीटवर बसून त्यानं मान वर केली आणि विचारलं, सर, हे वर काय लागलंय?

मी वाकून बघितलं. छताचं कापड फिकट राखी. त्यावर बरोबर त्या सीटच्या वर, पुढच्या बाजूला, भाकरीएवढा लाल डाग होता. मधे कापड घासून घासून पातळ झालेलं, कडेला रंग फिकट होत गेलेला. इतकी वर्षं गाडी चालवली, एकदाही वर बघितलं नव्हतं. चालवणारा माणूस कशाला छताकडं बघतो? मी बोट लावलं तर बोटाला काही आलं नाही, सगळं केव्हाच वाळून गेलं होतं. मास्तर म्हणाला, काही हरकत नाही, मी कापड बदलून घेतो.

माय ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तिनं गाडीच्या उघड्या दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "मी मागंच बसत होते न्हवं का. पयल्या दिवशीच लागला होता. मी म्हणलं, पोराला सांगा. तर म्हणले, त्यानं माझ्या फेट्यासाठी गाडी घेतली, साऱ्या मुलखात सांगत फिरून राहिला. आता कोणत्या तोंडानं सांगू त्याला, लागतंय म्हणून?"

मला सगळं एकदम दिसलं. ती खाली घातलेली मान, ती मूठ, ते सावकाश रे, उतरल्यावर पुन्हा बांधलेला फेटा. शोरूममध्ये बसलो होतो मी, त्यांच्यापेक्षा वीतभर बुटका, आणि फेटा बांधला होता तो लग्नातल्या पाहुण्यासारखा चापूनचोपून. मी म्हणालो तेवढीच बोटं ते आयुष्यभर म्हणत राहिले. खड्ड्याखड्ड्याला डोकं आपटलं असेल त्यांचं, आणि मी हसत होतो.

मास्तराला मी सांगितलं, उद्या या. तो गेल्यावर गाडीपाशी गेलो. उजवीकडं जायची पायांना सवय, तरी वळसा घालून डावीकडं गेलो, दार उघडलं आणि दादांच्या जागेवर बसलो. तसाच पुढं सरकून बसलो, मूठ धरली आणि वर बघितलं. मी काही फेटा बांधत नाही. माझ्या उघड्या डोक्याच्या वर ती सगळी जागा नुसती मोकळी होती.