मी नोकरी सोडली नाय

"तुला काय फरक पडतो रे? शेवटी मेंढरंच हाकायचीत."

एचआरचे साहेब बोलले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. समोर रिकामी खुर्ची, आणि मी उभा.

बिडकीनजवळच्या आमच्या कारखान्यात माल जास्त निघावा म्हणून प्रेसचा सेन्सर बंद ठेवायचे. हात आत असला तरी प्रेस खाली येणारच. बाहेरून तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, मी खरं सांगून टाकलं. लई शहाणा ना मी.

साहेबांनी दोन शब्द पुढं केले. रिझाइन, म्हणजे मी आपण होऊन गेलो, इज्जत राहील. टर्मिनेट, म्हणजे त्यांनी काढलं. मग कुणी दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, विचार करतो.

माझ्या विचारासाठी ते कशाला थांबतात? दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये शाल, हार, नारळ तयार. आपखुशीनं जाणाऱ्याला आमच्याकडं असाच निरोप देतात, वर फोटो. इतकी वर्षं अशा फोटोत मी मागच्या रांगेत, अर्धा कान तेवढा दिसायचा. आज मधोमध खुर्ची. तपासणीपासून माझ्याशेजारी डबा न उघडणारे सोबती टाळ्या वाजवत होते. जमिनीकडं बघत.

फोटो निघाला की झालं. मी हसत गेलो, हे पक्कं.

शाल चांगली होती, खोटं कशाला बोलू. थंडीचे दिवस. साहेबांनी खांद्यावर टाकली. मी ती काढली, मेंढरं राखणाऱ्या बापाच्या घोंगडीची घालायचो तशी नीट घडी घातली, टेबलावर ठेवली.

"मी जात नाय, साहेब. तुम्ही काढताय. कशापायी काढताय, तेही लिहा."

टाळ्या थांबल्या. माझ्या बाजूला कुणी आलं नाही. गेटवर रोज "राम राम मामा" म्हणणारा वॉचमन दुसरीकडं बघत राहिला.

उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "नारळ तरी आणायचा. चटणी झाली असती." आम्ही हसलो.

आता फोन वाजत नाही. मुलाखतीला जातो तिथं विचारतात, नोकरी का सोडली?

"सोडली नाय. काढलं. सेन्सर बंद होता, ते सांगितलं म्हणून."

समोरचा पेन खाली ठेवतो. ठेवू दे. त्या प्रेसखाली आज दुसऱ्या कुणाचे तरी हात आहेत. पुढच्या दारातही मी हेच सांगणार.