लोखंडाची पट्टी

"पावणं, पट्टीला हात लावायचा न्हाय." आनंदा मिस्त्री माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी राजारामपुरीत नवा राहायला आलो होतो आणि रोज जळक्या प्लास्टिकचा वास येतो म्हणून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तणतणत शिरलो होतो. टेबलावर एक जुनी पोलादी पट्टी होती. बोलता बोलता मी ती सहज उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली, सदऱ्याला पुसून जागेवर ठेवली आणि म्हणाले, "हं, आता भांडा."

असं म्हटल्यावर कोण भांडणार? मी निवृत्त गणित शिक्षक, आवाज चढवण्यात पटाईत, पण त्या दिवशी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा 'मास्तर' झालो. 'पावणं' ते फक्त परक्याला म्हणत.

मिस्त्रींनी सारी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काढली. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करावा लागतो, ते काम त्यांचं. आता शेडमध्ये त्यांनी जुन्या ड्रिल मशीनच्या दांड्याला एक जाड नळी जोडली होती, नळीभोवती हीटर. नळीत बाटल्यांच्या झाकणांचे तुकडे टाकायचे, वितळले की दांडा ओढायचा, आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात प्लास्टिक शिरायचं. साचा कानशीने घासून त्यांनी स्वतःच केलेला. मी लगेच उघडायला धावायचो. "गार हू द्या," ते म्हणायचे. वीज मंडळावर माझा संताप झाला तरी तेच, "मास्तर, गार व्हा."

हा खटाटोप होता अक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून अक्कांची उजवी मूठ अर्धीच उघडायची. मिस्त्री घास भरवायला बसले की त्या तोंड फिरवायच्या. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेली बाई, हिला भरवून घ्यायची लाज वाटत होती. दिवसेंदिवस खाणं कमी होत चाललं होतं आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालावी लागेल असं बजावलं होतं. दुकानातला जाड मुठीचा चमचा त्यांच्या हातात मावला नाही. तेव्हा त्यांच्याच स्टीलच्या चमच्यावर घट्ट बसेल आणि त्यांच्याच मुठीत मावेल, अशी मूठ मिस्त्रींना करायची होती. मी एकदा म्हटलं, चमच्याला दोरा गुंडाळा की. ते म्हणाले, "दोरा भिजतोय, आंबतोय. मी पॅटर्नमेकर हाय ओ, दोरा काय गुंडाळायला सांगताय?"

मापं मी घेतली. "मी जवळ गेलो की ती मूठ आवळती," ते म्हणाले, "तुमीच घ्या." मी शाळेतली माझी फूटपट्टी नेली, अक्कांचा हात मोजला, चमच्याचा दांडा मोजला, आकडे कागदावर लिहून दिले. मिस्त्रींनी त्यावरून साचा घासला. प्लास्टिक गार होताना आकसतं, तेवढंही हिशेबात धरलं.

पहिला तुकडा चमच्यावर सैल बसला. दुसराही तसाच. अक्कांनी आमटीत चमचा बुडवला की तो मुठीत गर्रकन फिरायचा आणि आमटी पदरावर. आम्ही उष्णता कमी केली, वाढवली. निळी झाकणं वगळून पांढरी घेतली. साचा दोनदा नव्याने घासला. मी वहीत प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवत होतो, आणि ती वहीच मला वेडं करत होती. मिस्त्री तुकडा त्यांच्या पट्टीला लावायचे, म्हणायचे, "धा सेंटीमीटर. कागदाबरहुकूम." मी माझ्या पट्टीला लावायचो, तर एक मिलिमीटर जास्त. पुन्हा मोजायचो, पुन्हा तेच. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या आणि आता मला दहापर्यंत मोजता येत नाही की काय? रात्री वहीतले आकडे डोळ्यांपुढे नाचायचे.

"तुमची पट्टी शाळंची," मिस्त्री म्हणाले. "पोरांनी उन्हात टाकून वाकडी केली आसंल."

मला राग आला. मी चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी मिस्त्रीच दारात. "मास्तर, अक्का कालपास्नं कायबी खाईना झालीय," ते म्हणाले. मी चपला घातल्या.

बारावा तुकडाही सैल निघाला. मी वैतागून माझी फूटपट्टी टेबलावर आपटली, ती त्यांच्या पट्टीशेजारी पडली. दोन्हींची शून्यं मी जुळवली, कशासाठी ते मलाही माहीत नाही. एक सेंटीमीटरच्या रेघा जुळल्या. दहाशी मिलिमीटरभर फरक. तिसाशी त्यांची रेघ माझ्या रेघेच्या चक्क तीन मिलिमीटर पुढे. मी त्यांची पट्टी उलटी केली. मागे झिजलेली अक्षरं होती.

मिस्त्रींनी ती बोटाने चाचपली आणि नव्या कामगाराला शिकवावं तसं सांगू लागले, "ही श्रिंकेजची पट्टी. लोखंड गार झालं की आकसतंय, मग नमुना थोडा मोटा करावा लागतोय. तवा हिचा सेंटीमीटरच मोटा आसतोय. रोज कोन हिशेब करत बसनार?" सगळं बिनचूक सांगितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पर ही हितं कुनी ठेवली?"

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत. ते हसले नाहीत. पट्टी हातात धरून शेडभर बघत राहिले, जणू कुणीतरी आत्ताच ठेवून गेलं होतं. त्या क्षणी मला काही कळलं नाही, आणि कळायला हवं होतं, याची खंत आजही जात नाही.

तेरावा तुकडा माझ्या फूटपट्टीवर झाला. तो चमच्यावर टक्क बसला. अक्कांनी आमटी-भाताचा पहिला घास तोंडापर्यंत नेला, थोडा सांडला, बाकीचा खाल्ला. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत म्हणाले, "गार हू द्या की जरा, पोळंल."

पुढे मी वर्षभर मुलीकडे पुण्यात राहिलो. फोनवर मिस्त्री बोलायचे, मग कमी बोलायला लागले, मग फोन अक्काच घ्यायच्या आणि नुसतं "हूं" करायच्या. परत आलो त्या दुपारी थेट त्यांच्याकडे गेलो. मिस्त्री खुर्चीत बसले होते, मांडीवर ती पट्टी. समोर अक्का. त्यांच्या उजव्या मुठीत तो चमचा होता, आमची पांढरी मूठ बसवलेला. हात थरथरत होता, पण घास नीट मिस्त्रींच्या तोंडात जात होता. ते मुकाट्याने खात होते.

"मिस्त्री, मी आलो," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. "या की, पावणं," म्हणाले.

त्यांच्या मांडीवरून घसरत असलेली पट्टी सावरायला मी हात पुढे केला.

"पावणं, पट्टीला हात लावायचा न्हाय."

"का हो?" मी विचारलं. पहिल्या भेटीत हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"लोखंडाची हाय ती," मिस्त्री समजुतीने म्हणाले. "मानसाच्या मापाला लावू नगा. चुकाल."

अक्कांनी पुढचा घास उचलला. मी हात मागे घेतला आणि पाहुण्यासारखा स्टुलावर बसून राहिलो.